कालवा एका दिवसाचा, जहाज चौदा रात्रींचं

वाचकाचं पत्र

"आमी आर्वी तालुक्यातले. मोठा पोरगा सॅन दिएगोले राह्यते. तो म्हणते, बाबा, येत्या मार्चात तुमी दोघंही चाला, डिस्नेच्या जहाजात चौदा राती राहू अन् पनामाची नहर पाहू. गॅल्व्हस्टनले चढायचं, ग्रँड केमन, कार्ताहेना, मंग नहर, मंग मेक्सिकोतले पोर्तो वायार्ता अन् काबो, अन् शेवटी सॅन दिएगोले उतरायचं. बुकिंग अजून केलं नाई. नात पाच वर्षांची हाय, नातू तवा अकरा महिन्यांचा होईन. मी सदुसष्टचा, घरची एकसष्टची. तिले शुगर हाय, गुडघे दुखते, गयात माळ हाय, अन् पाण्याचं भेव वाटते. मले खर्रा लागते. आमचे पासपोर्ट नाईत. पोराचा एच-वन वाढून आला पण पासपोर्टावरचा शिक्का जुना झाला म्हणते. जावं का नाई, सांगा."

उत्तर

काकाजी, जरूर जा. पण मार्चात नाही.

अडचण तुमची नाही, नातवाची आहे. डिस्नेच्या चार-सात दिवसांच्या सफरींना सहा महिन्यांचं बाळ चालतं. पनामा, हवाई किंवा अटलांटिक पार करणाऱ्या लांबच्या सफरींना मात्र जहाज सुटायच्या दिवशी बाळाला एक वर्ष पूर्ण झालेलं लागतं. अकरा महिने वीस दिवसही चालत नाहीत. सलग दोन-तीन दिवस किनारा दिसत नाही आणि जहाजावरचा दवाखाना लहान, म्हणून हा नियम आहे. तिथे रदबदली होत नाही. तेव्हा मुलाला आजच फोन करा आणि मार्चचा विचार सोडून पुढच्या फेरीवर नजर ठेवायला सांगा. तुम्हा दोघांचे पासपोर्ट-व्हिसा अजून व्हायचे आहेत, त्यामुळे मार्च तसाही गाठता आला नसता.

आता ही पुढची फेरी कधी, ते समजून घ्या. डिस्नेचं जहाज दर आठवड्याला पनामातून जात नाही. हंगाम बदलला की जहाजाची एका महासागरातून दुसऱ्यात बदली होते, आणि रिकामं कशाला न्यायचं म्हणून त्या बदलीच्या फेरीतच प्रवासी घेतात. 'मॅजिक' आणि 'वंडर' ही त्यांची जुनी, आकाराने बेताची दोन जहाजं अशा फेऱ्या करत आली आहेत. वर्षातून एखादी-दुसरी फेरी, कधी पूर्वेकडून पश्चिमेला, कधी उलटी. साधारणपणे या फेऱ्या वसंतात किंवा शरदात पडतात. शरदातली घेतलीत तर ती नेमकी कापसाच्या वेचणीत येईल, त्यामुळे घरी वेचणीवर लक्ष ठेवणारं माणूस असेल तरच ती धरा.

दिशेकडे मात्र आवर्जून बघा. तुमच्या मुलाने निवडलेली दिशा सर्वांत सोयीची आहे, कारण जहाज त्याच्या घराजवळ येऊन थांबतं. तुम्ही नागपूरहून थेट मुलाकडे जायचं, आठ-दहा दिवस झोपेची घडी बसू द्यायची, मग सगळ्यांनी मिळून विमानाने ह्यूस्टनला जायचं. तिथून गॅल्व्हस्टन साधारण ८० किलोमीटर. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी तरी तिथे मुक्कामाला असा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही, आणि पुढच्या बंदरावर गाठायचं तर तो वेगळ्या देशाचा प्रवास होतो. दुसरं म्हणजे पश्चिमेकडे जाताना वाटेत घड्याळ मागे करावं लागतं, म्हणजे एखाद-दुसऱ्या रात्री तासभर झोप जास्त मिळते. उलट्या दिशेने तेच तास हातचे जातात, आणि लहान पोरं नि म्हातारी माणसं दोन्ही कावतात.

कार्ताहेना मार्गात का, हेही मुलाला माहीत असू द्या. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी चढवून दुसऱ्या बंदरात उतरवायचे असतील, तर मधे एखाद्या 'दूरच्या' परदेशी बंदरात थांबावं लागतं. डिस्नेची जहाजं बहामाच्या झेंड्याखाली चालतात. मेक्सिको आणि केमन 'जवळचे' धरले जातात, दक्षिण अमेरिका दूरची. म्हणून कोलंबियातलं कार्ताहेना. हा मुद्दा नुसता माहितीचा नाही. पुढचा बराचसा कागदपत्रांचा घोळ अशा थांब्यांमुळेच होतो.

पहिला घोळ मुलाच्या शिक्क्याचा, आणि तो सगळ्यांत मोठा आहे. एच-वनची, म्हणजे तिथे नोकरी करायच्या परवानगीची, मुदत वाढल्याचं पत्र हातात असलं तरी पासपोर्टावरचा व्हिसा संपलेला असेल, तर अमेरिकेबाहेर पडून परत येताना तो नवा लागतो. याला एक सवलत आहे: फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन ३० दिवसांच्या आत परतलं, तर संपलेल्या शिक्क्यावर आत घेतात. पुष्कळ पोरं या सवलतीच्या भरवशावर मेक्सिकोच्या क्रूझला जाऊन येतात आणि इथेही तसंच होईल असं धरून चालतात. पण तुमच्या मार्गात केमन आणि कोलंबिया आहेत. सवलत तिथेच संपते. सॅन दिएगोला उतरताना अडकायचं नसेल तर मुलाने आणि सुनेने आधी शिक्का नवा करून घ्यावा. त्यासाठी ते भारतात येणारच असतील, तर त्याच वेळी तुम्हाला सोबत घेऊन जाणं सगळ्यांत सोपं.

दुसरा घोळ नातवंडांचा. ती तिथे जन्मली असतील तर अमेरिकन नागरिक. ज्या सफरी एकाच बंदरातून निघून तिथेच परततात, त्यांना अमेरिकन नागरिकाचा नुसता जन्मदाखला चालतो. तुमची सफर एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते, म्हणून तान्ह्यालाही पासपोर्ट लागेल. सोळा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट काढताना आईवडील दोघांनी हजर राहायचं असतं.

आता तुमचं. पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरून जवळच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या. बऱ्याच जिल्ह्यांत ते पोस्टातच असतं. अर्जाआधी आधार, पॅन, शाळेचा दाखला आणि बँकेचं पासबुक हे चारही कागद शेजारी ठेवून नावाचं इंग्रजी स्पेलिंग आणि जन्मतारीख ताडून बघा. आपल्याकडे एका कागदावर नुसतं नाव-आडनाव, दुसऱ्यावर मधे वडिलांचं नाव, काकूंच्या एका कागदावर माहेरचं नाव, असं हमखास निघतं. आधी आधार दुरुस्त करा, मग पासपोर्ट. आणि जहाजाचं बुकिंग पासपोर्टावरच्या नावानेच, अक्षर न अक्षर तसंच.

अमेरिकेचा पर्यटक व्हिसा, म्हणजे बी-१/बी-२, घ्यायचा. डीएस-१६० हा फॉर्म मुलगा भरून देईल, मुलाखत मुंबईला. तिथे मराठीत बोलता येतं. विचारलं तर सरळ सांगा: मुलाकडे राहायला आणि त्याच्यासोबत जहाजाने फिरायला चाललो, अमुक महिन्यात परत येणार. सातबारा, पासबुक जवळ असू द्या, पण विचारल्याशिवाय पुढे करू नका. व्हिसा हातात आला की त्यावर 'एंट्रीज' या शब्दापुढे 'एम' आहे का बघा. तुम्ही मधे अमेरिकेबाहेर जाऊन पुन्हा आत येणार आहात, त्यामुळे एकदाच आत सोडणारा व्हिसा कामाचा नाही. मेक्सिको आणि कोलंबिया अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना वेगळा व्हिसा मागत नाहीत. कोलंबिया त्यात किती मुदत शिल्लक आहे हे बघतो. बुकिंगनंतर जहाज कंपनीकडून भारतीय पासपोर्टसाठीची चालू यादी लेखी मागवून घ्या, कारण ऐनवेळी बंदरावर शेवटचा शब्द कंपनीचाच असतो.

लसीचं कोणी सांगितलं नसेल. कोलंबिया आणि पनामा हे दोन्ही देश भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. पण तुम्ही दोघंही साठीच्या पुढचे. या वयात पहिल्यांदाच ही लस घेतली तर तिचे गंभीर परिणाम होण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो, म्हणून नुसत्या कागदासाठी घेऊ नका. डॉक्टरांना शुगरची फाइल दाखवून त्यांच्यावर सोडा. सोपा उपाय असा की जहाजातून उतरल्यावर निदान दोन-तीन आठवडे मुलाकडे राहा आणि मगच भारतात परता. सहा दिवसांचा प्रश्नच उरत नाही.

कागद झाले, आता जहाज. कालवा एका दिवसात मागे पडतो. उरलेले तेरा दिवस खोली, जेवण आणि समुद्र यांच्यातच जायचे आहेत, म्हणून पैसे वाचवायचे ते खोलीत वाचवू नका.

तुम्ही सहा जण, म्हणजे दोन खोल्या. बाळही मोजलं जातं, कारण खोलीतल्या माणसांचा हिशेब जीवरक्षक होड्यांशी बांधलेला असतो. मधे दार असलेल्या जोडखोल्या मागा. त्या लवकर संपतात. पाण्याचं भेव असलेल्या माणसाला बिनखिडकीची खोली द्यावी असं काहींना वाटतं, पण चौदा रात्री खिडकीशिवाय काढल्या तर जीव घाबरतो आणि मळमळही वाढते, कारण डोळ्यांना क्षितिज मिळत नाही. खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यांवर घ्या. पाळण्याचं टोक जितकं झुलतं तितका मध्य झुलत नाही, तसंच आहे हे. काकूंच्या गुडघ्यांसाठी न्हाणीघराचं आधी विचारा. डिस्नेच्या बहुतेक खोल्यांत ते दोन भागांत असतं, एकात संडास, दुसऱ्यात अंघोळ, ही सोय चांगली. पण अंघोळीच्या जागी टबाचा उंच काठ ओलांडावा लागतो. सपाट न्हाणी असलेली, अपंगांसाठीची खोली मिळाली तर उत्तम. नाहीतर आत ठेवायचं स्टूल आधीच लिहून मागा. संडासात पाण्याचा फवारा नसतो. आपला प्लास्टिकचा मग बॅगेत टाका.

समुद्र लागण्याबद्दल खरं सांगायचं तर कालव्यात जहाज हलत नाही, तिथे पाणी तळ्यासारखं असतं. हलतं ते दोन ठिकाणी. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत कार्ताहेनाच्या बाजूला कॅरिबियनमध्ये वारा जोरात असतो. आणि मेक्सिकोच्या दक्षिणेला तेवांतेपेकच्या आखातात, डोंगराच्या खिंडीतून उत्तरेचा वारा एकदम सुटतो, तो कधी कधी दिवसभर झोडपतो. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही, तर तासभर आधी घ्यायची असते. ॲव्होमिनने झोप येते आणि शुगर-बीपीच्या गोळ्यांसोबत कोणती चालेल हे डॉक्टरच सांगतील. घरून निघायच्या आधी एकदा घेऊन बघा. रिकामं पोट ठेवू नका, आल्याचा तुकडा आणि कोरडी बिस्किटं जवळ ठेवा.

शुगरची औषधं पूर्ण मुक्कामाची, वर दोन आठवड्यांची जास्त, मूळ पाकिटात आणि इंग्रजी चिठ्ठीसह. ती हातातल्या पिशवीतच. चढताना दिलेल्या मोठ्या बॅगा खोलीच्या दारात यायला संध्याकाळ होते. प्रवास विम्यात शुगर आधीपासून असल्याचं लिहा आणि समुद्रातून हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर आणण्याचा खर्च धरलेला आहे का ते बघा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल वेगळं येतं.

जेवणाचं काकूंना समजावून सांगा, भीती निघून जाईल. डिस्नेच्या जहाजावर संध्याकाळचं जेवण तीन वेगवेगळ्या उपाहारगृहांत पाळीपाळीने असतं, पण वाढणारी माणसं तुमच्यासोबतच फिरतात. म्हणजे एकदा ओळख झाली की चौदा दिवस तीच. बुकिंग करतानाच 'भारतीय शाकाहारी, अंडं नाही, जिलेटिन नाही' असं लिहवून घ्या. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर केकमध्ये अंडं आणि पुडिंगमध्ये प्राण्यांच्या हाडांपासूनचं जिलेटिन येतं. पहिल्याच रात्री मुख्य वाढप्याला पुन्हा सांगायचं आणि उद्याचं आज सांगायची सवय ठेवायची. मग डाळ, भात, भाजी, पोळी मिळते. ज्वारीची भाकर नि ठेचा मिळणार नाही, आणि चव पंजाबी वळणाची असते, तेवढं सोसा. जेवणाच्या दोन वेळा असतात, पहिली पावणेसहाच्या सुमारास, दुसरी सव्वाआठच्या सुमारास. लहान बाळ आणि शुगर, दोन्हींसाठी पहिली घ्या. पंधरा दिवसांत एक एकादशी बहुतेक येईलच. साबुदाणा-भगर तिथे नाही. दूध, फळं, उकडलेला बटाटा आणि सोबत नेलेले सीलबंद शेंगदाणे, यावर भागवावं लागेल.

घरचा बनवलेला डबा जहाजावर चालत नाही, कारखान्यात बंद केलेलं पाकीट चालतं. चिवडा, चहाचा मसाला पाकिटातला घ्या. गरम पाणी वरच्या मजल्यावर कधीही मिळतं. किटली, इस्त्री, उदबत्ती, निरांजन काहीही नेता येत नाही, आगीच्या भयाने. माळ आणि पोथी न्या, वात नको. कपडे धुवायला जहाजावर पैसे देऊन वापरायची यंत्रं आणि तिथेच इस्त्री असते, तेव्हा सात दिवसांचे कपडे पुरे. विमान दुबईमार्गे असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: खसखस तिथे अमली पदार्थात मोडते. लाडवातली, मसाल्यातलीसुद्धा. एक दाणाही नको.

आणि काकाजी, खर्रा. ओला, बिनछापाचा, कागदात बांधलेला माल विमानतळावर काय आहे हे समजावत बसाल आणि जहाजावर थुंकायला जागा नाही. पण खरी अडचण माल संपल्यानंतरची आहे. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं, तेही बंद जहाजावर आणि नातवंडांसमोर. निघायच्या दोन महिने आधीपासून पुड्या कमी करत आणा, डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम सुरू करा आणि घर सोडण्याच्या पंधरा दिवस आधी पूर्ण बंद. ठरलेला दिवस काकूंना सांगून ठेवा.

नातीची काळजी नको. तीन वर्षांपुढच्या, स्वतः संडासला जाणाऱ्या मुलांसाठी खेळघर आहे, तिकिटातच धरलेलं. ती तिथून बाहेर यायला तयार होणार नाही. तीन वर्षांखालच्यांचं पाळणाघर तासाच्या पैशांवर आणि आधी जागा धरून. लंगोट लागणाऱ्या बाळाला पोहण्याच्या हौदात उतरू देत नाहीत, त्यांच्यासाठी कारंज्यांची वेगळी जागा असते. जहाजावर जुगारघर नाही, हे सांगून ठेवतो, कारण घरून विचारणारे असतातच.

आता तो एक दिवस. याची तयारी केली नाही तर तो सिमेंटच्या भिंतीकडे बघण्यात जातो.

आपली नहर धरणाकडून खाली वावरात येते, उतार धरून. पनामाची तशी नाही. तिथे मधे तलाव आहे, गातून नावाचा. चाग्रेस नदीला बांध घालून माणसांनी केलेला, समुद्रापेक्षा २६ मीटर उंच. जहाज एका समुद्रातून तीन पायऱ्या चढून तलावात येतं, तलाव ओलांडतं, डोंगर कापून केलेल्या कुलेब्राच्या खिंडीतून जातं आणि पुन्हा पायऱ्या उतरून दुसऱ्या समुद्रात पडतं. एकूण सुमारे ८० किलोमीटर, आठ ते दहा तास. पायरी म्हणजे लॉक. दोन्हीकडे दारं असलेला प्रचंड हौद समजा. जहाज आत आलं की मागचं दार बंद, वरच्या बाजूचं पाणी आत सोडायचं, जहाज पाण्याबरोबर वर येतं, मग पुढचं दार उघडायचं. पाणी चढवायला पंप लागत नाही, वरून खाली आपल्या वजनाने येतं. वीज लागते ती दारं आणि झडपा हलवायला.

मूळ कालवा १५ ऑगस्ट १९१४ ला सुरू झाला. त्याची लॉक ३३.५ मीटर रुंद, तर वंडर ३२ मीटरच्या थोडं वर, म्हणजे दोन्ही बाजूंना हातभर जागा. २६ जून २०१६ ला शेजारी ५५ मीटर रुंदीची नवी लॉक सुरू झाली, आणि २९ एप्रिल २०१७ ला त्यांतून गेलेलं पहिलं प्रवासी जहाज वंडरच होतं. जुन्या चित्रांत जहाजाला दोरांनी धरून रुळांवर चालणारी छोटी इंजिनं दिसतात. नव्या लॉकांत ती नाहीत, तिथे पुढेमागे जहाज ओढणाऱ्या छोट्या टगबोटी असतात. जुन्यांची दारं घराच्या दारासारखी दोन फाळक्यांत उघडतात, नव्यांची बाजूच्या भिंतीत सरकत जातात. तुमचं जहाज कुठल्या बाजूने जाणार हे त्या आठवड्यात जहाजावर विचारा, म्हणजे नातीला नसलेलं इंजिन दाखवायचं कबूल करून बसणार नाही.

जुन्या लॉकांतून एक जहाज पार व्हायला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी लागतं आणि ते समुद्रात जातं. नव्या लॉकांशेजारी म्हणून साठवण हौद बांधले, त्यांत ६० टक्के पाणी पुन्हा वापरलं जातं. याच तलावातून पनामा शहराला प्यायचं पाणीही जातं, त्यामुळे २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा रोजच्या जहाजांची संख्या घटवावी लागली. धरणात पाणी किती, आधी प्यायला की आधी ओलिताला, ही भांडणं तुम्हाला नवी नाहीत. या तलावाकडे तुम्ही जहाजावरच्या इतर कोणाहीपेक्षा जाणत्या नजरेने बघाल.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला जागा धरा. कालव्याचे वाटाडे जहाजावर चढतात आणि जहाज चालवण्याचा हुकूम कप्तानाकडून त्यांच्याकडे जातो. तुमच्या दिशेने आधी अटलांटिक पूल, २०१९ चा, मग, नव्या लॉकांतून गेलात तर, आग्वा क्लाराच्या तीन पायऱ्या, दीड-दोन तास. सगळं जहाज याच वेळी पुढे गर्दी करतं. पहिली पायरी पुढून बघा, दुसऱ्या पायरीला मागच्या टोकाला जा. मागचं दार सरकून बंद होताना आणि खाली राहिलेला समुद्र एका नजरेत तिथूनच दिसतो, आणि तिथे कोणी नसतं. मधल्या तलावाच्या तासांत उन्हातून खाली जाऊन जेवून, झोपून घ्या. कुलेब्राची खिंड आली की पुन्हा वर. फ्रेंचांनी १८८१ मध्ये खोदायला घेतलं आणि आठ वर्षांत सोडून दिलं. दरडी कोसळत होत्या, आणि पीतज्वर नि मलेरियाने वीस हजारांवर माणसं गेली. डासांमुळे ताप होतो हे कळल्यावर अमेरिकनांनी आधी डबकी आणि उघडी पाण्याची पिंपं आवरली, मग खोदलं. वर लसीबद्दल लिहिलं तोच हा ताप.

दुपारी पलीकडच्या बाजूच्या नव्या लॉकांच्या, कोकोलीच्या, तीन पायऱ्या उतरायच्या. तोवर अर्धं जहाज कंटाळून आत गेलेलं असतं, तेव्हा काकूंना पुढे खुर्ची टाकून बसवा. शेवटी १९६२ चा अमेरिकांचा पूल डोक्यावरून जातो आणि डावीकडे पनामा शहराच्या इमारती दिसतात. गंमत अशी की अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये तुम्ही पश्चिमेला नाही, आग्नेयेला जाता. जमिनीची पट्टीच तिथे वाकडी आहे. आणि वजनावर कर धरून १९२८ मध्ये हा कालवा पोहून गेलेल्या एका अमेरिकन माणसाकडून ३६ सेंट घेतले होते, हे नातीला सांगा.

ऊन आपल्या मे महिन्यासारखं नसतं, तिशीच्या आसपास, पण हवा मुंबईसारखी ओली. घाम वाळत नाही. सुती पातळ, कानावर घट्ट बसणारी टोपी, पाण्याची बाटली. वरच्या मजल्यावर वारा असतो, पदर खोचून घ्यावा आणि चपलेला मागे पट्टा हवा. सॅन दिएगोजवळ मात्र संध्याकाळी स्वेटर लागेल.

बंदरांपैकी ग्रँड केमन आणि काबोला जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या नावेतून किनाऱ्यावर नेतात, आणि त्या नावेत पाय टाकताना खालची फळी वर-खाली होत असते. काकूंनी या दोन ठिकाणी जहाजावरच थांबावं. कार्ताहेना आणि पोर्तो वायार्ताला जहाज धक्क्याला लागतं, तिथे उतरायला हरकत नाही. कार्ताहेनाचा तटबंदीचा जुना भाग बघण्यासारखा आहे, पण दगडी रस्ते उंचसखल, म्हणून गाडीतून तासाभराचा फेरा पुरे. उतरताना जहाजाची वेळ विचारूनच उतरा. मोबाईल गावाची वेळ दाखवतो, जहाज आपल्या वेळेने सुटतं.

तिकिटाच्या वरचे खर्च मुलाने धरले आहेत का बघा. कर्मचाऱ्यांची बक्षिसी रोज माणशी १५-१६ डॉलर, म्हणजे नुसत्या तुम्हा चार मोठ्यांचे चौदा रात्रींचे ९०० डॉलरच्या घरात. इंटरनेट वेगळं. मोबाईल समुद्रात चालू ठेवलात तर बिल डोळे पांढरे करेल, चढतानाच विमान मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं ॲप असतं, त्यात जहाजावरच्या आपल्या माणसांशी मेसेजवर फुकट बोलता येतं. ते तुमच्या फोनवर मुलाकडून टाकून घ्या, नाहीतर अकरा मजल्यांच्या जहाजात एकमेकांना शोधत फिराल. आणि हात साबणानेच धुवा, प्रत्येक जेवणाआधी. जहाजावर जुलाब-उलट्यांची जी साथ येते, तिच्यावर बाटलीतलं सॅनिटायझर फारसं चालत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. दर फेरीला कोणी ना कोणी सगळं भरून पाठवतं आणि सकाळी रात्रीच्या कपड्यांत उभं राहतं. काकूंचं उद्याचं पातळ, तुमचा सदरा, औषधं, चष्मा आणि सगळ्यांचे पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवूनच बॅगेची चेन लावा.